काळीपिवळीचं मागचं दार: कुलपाचं पेटंट कुणाला मिळतं आणि कुणाला नाही

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज केला की बसमध्ये नीट ऐकू येत नाही, लेखी टाका. म्हणून हा भाग लेखी. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मध्ये मध्ये खोकलो ते काढून टाकलंय.

अकोला ते बार्शीटाकळी हे अंतर वीसेक किलोमीटरचं. रेल्वे आहे, एसटी आहे, पण आमच्या लहानपणी खरा आधार काळीपिवळीचा. माझ्या बाबांनी या रस्त्यावर १४ वर्षं काळीपिवळी चालवली. आत किती माणसं बसायची ते सांगत नाही, आरटीओवालेही ऐकत असतील. मुद्दा मागच्या दाराचा आहे. नवीन गाडीत ते खट् करून लागायचं. दोन पावसाळे गेले की खड्ड्यात आदळल्यावर आपोआप उघडायचं. मग सगळे करतात तेच बाबांनी केलं. सुतळी बांधली.

२०१३ च्या पावसाळ्यात एका खड्ड्यात सुतळी तुटली, दार उघडलं, आणि कडेला बसलेलं सात-आठ वर्षांचं पोरगं अर्धं बाहेर गेलं. शेजारच्या बाईनं त्याला कॉलर धरून आत ओढलं. काही झालं नाही. पण बाबा त्या रात्री जेवले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, "पोट्टं वाचलं, पण माही झोप गेली."

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीचाचांकडे. चाचांचं नाव इथं सांगणार नाही, त्यांनीच नको म्हटलंय. त्यांनी जे केलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. इंजिनिअरिंग झाल्यावर कळलं, आणि मी पहिलं वाक्य बोललो ते म्हणजे, "चाचा, याचं पेटंट घेऊ आपण!"

ते पेटंट का मिळू शकत नाही, हे समजायला मला सहा महिने आणि दीडशे वर्षांचा इतिहास वाचावा लागला. तोच आजचा भाग.

आधी कुलूप समजून घेऊ. गाडीच्या दाराला आपण लॉक म्हणतो, पण किल्ली हा त्यातला छोटा भाग. खरं काम लॅचचं. चौकटीवर एक लोखंडी आकडा असतो, त्याला स्ट्रायकर म्हणतात. दारात एक फिरणारी चकती असते, तिला खाच असते. दार आपटलं की स्ट्रायकर त्या खाचेत शिरतो आणि चकती फिरते. ती उलटी फिरू नये म्हणून एक छोटी कडी तिच्या दातात अडकते. इंग्रजीत तिला पॉल म्हणतात, आपण कडीच म्हणू. तुम्ही हँडल ओढता तेव्हा फक्त ही कडी उचलता. म्हणजे आख्खं दार, आणि त्याला टेकलेलं पोरगं, बोटाएवढ्या लोखंडाच्या तुकड्यावर असतं.

कडी जागेवर राहते स्प्रिंगमुळे. आणि स्प्रिंग हीच भानगड आहे. ताणून ताणून ती सैल पडते, धूळ बसली की अडकते. बरं, जाड स्प्रिंग टाकावी तर हँडल इतकं कडक होतं की म्हाताऱ्या बाईला दार उघडत नाही. बाबांनी ते करून पाहिलं होतं. आठवड्यात प्रवाशांच्या तक्रारी.

स्प्रिंगवर चिडलेला पहिला माणूस मिस्त्रीचाचा नव्हेत. मुंबईत १८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज नावाच्या एका पारशी माणसानं लालबागला, गॅस कंपनीशेजारी, २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली. २१५ चौरस फूट म्हणजे पुण्यात मी भाड्यानं राहतो तेवढी खोली. हा माणूस शिकलेला वकील. झांझिबारला वकिली करायला गेला, अशिलासाठी खोटं बोलणार नाही म्हणून अडून बसला आणि परत आला. मग शस्त्रक्रियेची अवजारं बनवली. घेणारा म्हणाला, माल चांगला आहे पण त्यावर भारतात बनल्याचा शिक्का नको. याला तो शिक्का हवाच होता. धंदा बुडाला. नंतर मुंबईतल्या घरफोड्यांची बातमी वाचून तो कुलपांकडे वळला.

त्याच्या कुलपांत एक डिटेक्टर लॉक होतं. चुकीची किल्ली घातली की आतला भाग अडकून बसायचा आणि मालकाला कळायचं की कुणीतरी हात लावलाय. भारी ना? पण थांबा. इंग्लंडमध्ये १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाली, सरकारनं न फुटणारं कुलूप बनवणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं, आणि जेरेमाया चब यानं १८१८ मध्ये डिटेक्टर लॉकचं पेटंट घेतलं. पुढे १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसानं ते कुलूप लोकांसमोर २५ मिनिटांत उघडून दाखवलं, तो किस्सा वेगळा. आपल्यासाठी मुद्दा असा: डिटेक्टरची कल्पना लालबागच्या आधी जवळजवळ ८० वर्षं छापलेली होती. गोदरेजनं कुलूप चांगलं बनवलं असेल, पण कल्पना नवी नव्हती.

स्प्रिंगचं मात्र वेगळं. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात गोदरेजनं बिनस्प्रिंगच्या कुलपाचं पेटंट घेतलं. तेव्हाच्या लिव्हर कुलपात प्रत्येक पट्टीमागे एक छोटी स्प्रिंग असायची, ती तुटली की कुलूप बाद. ती स्प्रिंगच काढून टाकली. जिथं सगळे भाग जोडत होते तिथं त्यानं भाग कमी केला. पेटंटच्या जगात हा फरक फार मोठा आहे, कारण जोडणं सोपं असतं आणि काढूनही काम चालवणं अवघड.

आता हा फरक तपासायचा कुणी? इथं इतिहासाची गंमत आहे. भारतात पेटंटसारखा पहिला कायदा १८५६ चा. त्याखाली पहिला अर्ज ३ मार्च १८५६ ला कलकत्त्यात जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी केला, आणि तो होता पंखा ओढायच्या यंत्राचा. साहेबाच्या डोक्यावरचा कापडी पंखा. तो कायदा राणीच्या मंजुरीशिवाय केला होता म्हणून रद्द झाला आणि १८५९ मध्ये नव्यानं आणावा लागला. १९११ मध्ये पेटंट आणि डिझाइनचा एकत्र कायदा आला, तोच स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. मग न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये अहवाल दिला. त्यात दिसलं की भारतातली बहुतेक पेटंटं परदेशी लोकांची, आणि त्यातल्या बहुतेकांवर इथं काहीच बनत नाही. त्यातून १९७० चा कायदा झाला, २० एप्रिल १९७२ ला लागू झाला, आणि दुरुस्त्या होत होत आजही तोच आहे.

या कायद्यात कलम ३ आहे, शोध कशाला म्हणायचं नाही त्याची यादी. त्यातलं (फ) हे उपकलम कुलूपवाल्यांच्या मुळावर येतं. त्याचा अर्थ माझ्या भाषेत सांगतो: माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या, त्या प्रत्येक जण आपापलं जुनंच काम करतायत, तर तो शोध नाही. आता तुम्हीच सांगा, गाडीच्या कुलपात नवीन काय असतं? चकती जुनी, कडी जुनी, स्प्रिंग जुनी. म्हणून कुलपाच्या अर्जाला येणाऱ्या पहिल्या तपासणी अहवालात या कलमाची भीती असतेच. मांडणीतून असं काहीतरी निघालं पाहिजे जे सुट्या भागांतून निघत नाही.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण कॉलेजात आमचा सगळ्यांचा यात गोंधळ होता. कुलपाचं हँडल दिसायला कसं आहे, त्याचा आकार, वळण, ते डिझाइन कायदा २००० मध्ये नोंदवता येतं. ते दहा वर्षं टिकतं, वर पाच वाढवता येतात. पण आतली कडी कशी अडकते याचा डिझाइनशी संबंध नाही. ते पेटंटचं काम, २० वर्षांचं. बोलताना आपण दोन्हीला 'लॉकचं डिझाइन' म्हणतो आणि फसतो.

माझ्या उत्साहावर पाणी टाकणारी केस मात्र कुलपाची नव्हती, पितळी भांड्यांची होती. उत्तर प्रदेशातलं मिर्झापूर. तिथं भांडी चरकावर फिरवून घासतात, चकाकवतात. भांडं फिरता फिरता सुटायचं आणि कारागिराच्या अंगावर उडायचं. हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज नावाच्या फर्मनं भांडं पक्कं धरून ठेवायची सोय केली आणि डिसेंबर १९५१ पासूनचं पेटंट मिळवलं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या दुसऱ्या फर्मनं तशीच पद्धत वापरली. भांडण अलाहाबाद हायकोर्टात गेलं. एका न्यायाधीशानं पेटंट रद्द केलं, खंडपीठानं परत दिलं, आणि डिसेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते पुन्हा रद्द केलं. अर्जापासून २७ वर्षं. एवढ्या काळात कारागिराची एक पिढी निवृत्त झाली असेल.

न्यायमूर्ती सरकारिया यांचा हा निकाल आजही कुठल्याही पेटंटच्या भांडणात काढला जातो. मी तो मोबाईलवर अकोल्याच्या बसस्टँडवर वाचला, गाडी लागायची होती म्हणून. त्यातल्या दोन गोष्टी मला टोचल्या. पहिली: पेटंट मंजूर झालं म्हणजे ते पक्कं झालं असं नाही, कोर्टात ते पुन्हा उघडता येतं. दुसरी जास्त महत्त्वाची. कोर्टानं विचारलं की त्या धंद्यातल्या जाणत्या कारागिराच्या हातात जुनी माहिती दिली आणि ही अडचण सांगितली, तर त्याला हा उपाय सुचला असता का? सुचला असता, तर तो शोध नाही, ती वर्कशॉपमधली नेहमीची सुधारणा.

म्हणजे कायद्याच्या मनातला तो काल्पनिक जाणता कारागीर कोण? मिस्त्रीचाचाच की! चाचांना जे सहज सुचतं ते कायद्याच्या दृष्टीनं शोध नाही, कारण ते चाचांना सहज सुचतं. मी बसस्टँडवर एकटाच हसलो. नंतर राग आला.

रागाबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर तो पूर्ण बरोबर नाही. समजा उलटं असतं. एखाद्या मोठ्या कंपनीनं प्रत्येक वर्कशॉपमधल्या प्रत्येक जुगाडावर पेटंट घेतलं असतं, तर चाचांना बाबांचं दार दुरुस्त करायला परवानगी लागली असती. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २००७ मध्ये गाडीच्या पायाखालच्या पेडलच्या केसमध्ये, केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स, असंच काहीसं म्हटलं: जाणता माणूस म्हणजे यंत्र नव्हे, त्यालाही डोकं असतं, तो दोन जुन्या गोष्टी एकत्र करू शकतो. या बाबतीत मिर्झापूर आधी पोचलं होतं. आपल्या कायद्यात मात्र परीक्षकासाठी ही कसोटी स्वच्छ शब्दांत यायला वेळ लागला. १९७० च्या मूळ कायद्यात परीक्षक मुख्यतः हेच आधी कुठं आलंय का ते शोधायचा. 'हे सहज सुचण्यासारखं आहे का' हा प्रश्न विरोध करणाऱ्यानं किंवा कोर्टात रद्द करायला आलेल्यानं विचारायचा. शोधाच्या व्याख्येतच इन्व्हेन्टिव्ह स्टेप हे शब्द २००२ च्या दुरुस्तीनं आले आणि २००५ मध्ये त्यांना आजचा अर्थ मिळाला.

महाराष्ट्रातलं गाजलेलं गाडीचं पेटंट म्हणजे पुण्याच्या बजाज ऑटोचं डीटीएस-आय. छोट्या इंजिनात एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. पल्सरवाल्यांना स्टिकर आठवत असेल. अर्ज २००२ चा, मंजुरी २००५ ची. टीव्हीएसनं २००७ मध्ये फ्लेम आणली, बजाज म्हणालं आमची कल्पना चोरली. टीव्हीएस म्हणालं दोन प्लग तर होंडाच्या जुन्या पेटंटमध्येच आहेत. मद्रास हायकोर्टात एकदा इकडून, एकदा तिकडून. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २००९ मध्ये सांगितलं की अशा केसेस लवकर संपवा. संपली कधी? २०१९ मध्ये, आपसात मिटवून. त्या मॉडेलची बाजारातली वेळ कधीच निघून गेली होती. दोन्हीकडे वकिलांची फौज असताना हे, मग चाचांचं काय घेऊन बसलात.

तर चाचांनी केलेलं काम. खड्ड्यात कडी का उचलली जाते हे त्यांनी हातात धरून पाहिलं. कडी एका पिनवर फिरते. पिनच्या एका बाजूला दाताचं टोक, तेच जड. गाडी आदळली की जड बाजू मागे राहते किंवा उसळते, आणि कडी फिरते. त्यांनी कडीच्या दुसऱ्या टोकाला, पिनच्या पलीकडे, लोखंडाचा तुकडा वेल्ड केला आणि पिनवर ठेवून तराजूसारखं तोललं. दोन्ही बाजू सारख्या. आता गाडी कितीही आदळली तरी कुठलीच बाजू जिंकत नाही. मग बारीक स्प्रिंगही पुरते, आणि हँडल म्हातारीलाही ओढता येतं. मी विचारलं, हे कसं सुचलं? चाचा म्हणाले, "त्यात काय सुचायचं हाय बेटा? तराजू तर किराणा दुकानात बी असतो."

मी शोधायला बसलो. पेटंटची जुनी कागदपत्रं आता फुकट ऑनलाइन दिसतात, फोनवरूनही. एका तासात कळलं की गाड्यांच्या बाहेरच्या हँडलमध्ये असं तोलणारं वजन कित्येक दशकांपासून बसवतात. अपघातात धक्क्यानं हँडल आपोआप ओढलं जाऊ नये म्हणून. अमेरिकेच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत १९६० च्या दशकाअखेरीपासून दाराच्या लॅचनं गुरुत्वाकर्षणाच्या ३० पट धक्का सोसला पाहिजे असं आहे. याच नियमांप्रमाणे पूर्ण लागलेल्या लॅचनं साधारण ११०० किलो ओढही धरली पाहिजे. म्हणजे अडचण जगाला माहीत, उपायही शेजारच्या भागात माहीत. परीक्षक एक जुनं कागद हँडलचं घेईल, दुसरं कडीचं घेईल, शेजारी ठेवेल आणि विचारेल, हँडलवरचं वजन कडीवर आणायला काय लागतं? माझ्याकडे प्रामाणिक उत्तर होतं: एक मिस्त्री लागतो.

आणि हे सगळं सुटलं असतं तरी पुढचा दगड होताच. चाचांनी ही कडी २०१३ पासून निदान अकरा गाड्यांना बसवली होती, भर रस्त्यावर, सगळ्यांसमोर. अर्ज करण्याआधी वस्तू लोकांत उघड वापरली की नवेपणा गेला. चाचणीसाठी लोकांसमोर चालवून बघणं भागच असेल तर कायदा एक वर्षाची सूट देतो, पण अकरा गाड्या आणि इतकी वर्षं ही चाचणी नव्हे, धंदा झाला. २०१३ च्या त्या आठवड्यातच कुणी चाचांना सांगायला हवं होतं. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी आज १६०० रुपये आहे, तात्पुरता मसुदा देऊन पूर्ण कागद द्यायला बारा महिने मिळतात. पण बार्शीटाकळीत हे कोण सांगणार होतं? मीच तेव्हा बारावीच्या क्लासला अकोल्याला जात होतो, त्याच गाडीनं.

हे सगळं चाचांना जाऊन सांगितलं. मला वाटलं ते खचतील. त्यांनी एकच विचारलं, "मंग दुसरं कोणी घेईल का याचं पेटंट? मले बंद करायले लावंल का?"

हा प्रश्न मला सहा महिन्यांत एकदाही सुचला नव्हता. आणि याचं उत्तर आहे. जे आधीच लोकांसमोर आलंय त्यावर दुसऱ्यालाही पेटंट मिळत नाही. फक्त परीक्षकाला ते सापडलं पाहिजे. तो कुठंतरी टेबलावर बसून डेटाबेस चाळतो, तो काही बार्शीटाकळीच्या स्टँडवर काळीपिवळीखाली वाकून बघणार नाही. त्याला तारीख असलेला, कुणालाही वाचता येईल असा, आणि जाणत्या माणसाला वाचून ती वस्तू बनवता येईल इतका खुलासेवार मजकूर लागतो. शिवाय कुणाचा असा अर्ज प्रसिद्ध झाला तर मंजुरीआधी कुणीही, अगदी तुम्हीही, विरोध नोंदवून असा पुरावा देऊ शकता.

चाचांना विचारलं, टाकू का मग? म्हणाले, "टाक. फोटो बी टाक. माहा नको, कडीचा टाक."

म्हणून पुढचा भाग मुद्दाम रटाळ आहे. कंटाळा आला तरी स्क्रोल करू नका, सेव्ह करून ठेवा.

वाहनाच्या मागच्या दाराचं लॅच. खाच असलेली फिरती चकती, ती चौकटीवरच्या स्ट्रायकरला धरते. चकतीला दोन दात, एक अर्धवट लागण्याचा, एक पूर्ण लागण्याचा. चकतीला अडवणारी कडी ८ मिलिमीटरच्या पिनवर फिरते. कडीच्या अडकणाऱ्या टोकाच्या विरुद्ध बाजूला, पिनच्या पलीकडे, मऊ लोखंडाचा तुकडा वेल्ड केलेला. कडी पिनवर मोकळी ठेवली असता कुठल्याही बाजूला न झुकता स्थिर राहील इतका तो तुकडा घासून कमी केलेला. म्हणजे कडीचा गुरुत्वमध्य पिनच्या अक्षावर. कडी चकतीवर टेकून राहण्यासाठी एकच हलकी स्प्रिंग, एका बोटानं दबेल एवढी. स्ट्रायकरवर ओढ आली असता चकतीचा दात कडीला पिनच्या दिशेनं दाबतो, उचलण्याच्या दिशेनं नाही. पर्याय: वेल्ड करण्याऐवजी तुकडा नटबोल्टनं बसवणे, म्हणजे नंतर तोल जुळवता येतो. वापर: बार्शीटाकळी, जिल्हा अकोला, २०१३ पासून, किमान अकरा वाहनांवर, भाड्याच्या प्रवासी वाहतुकीत, उघडपणे.

फोटो खाली आहेत, चार बाजूंनी. चौथ्यात मोजपट्टी ठेवली आहे.